काले कौवा, हलव्याचे दागिने आणि घरातली आमा

‘मावशी, मी पुण्याची. नवरा उत्तराखंडातल्या कुमाऊंचा, बागेश्वर जिल्ह्यातल्या एका गावचा. सासरे फौजेतून निवृत्त होऊन गावीच राहिले होते, तीन वर्षांपूर्वी ते गेले. सासूबाईंचे गुडघे गेले, म्हणून दीड वर्षापासून त्या आमच्याकडे आहेत. गावच्या घराला कुलूप आहे, किल्ली त्यांच्या उशाखाली असते. मुलगी नऊ वर्षांची. ती आजीला “आमा” म्हणते आणि आता बोलतेही आमासारखंच. ठेच लागली की “ओ इजा”, वाक्य संपलं की “ठैरा”. शाळेच्या बसमध्ये मुलं हसतात, एकदा रडत घरी आली. संक्रांतीला तर सासूबाईंनी तिच्या गळ्यात तळलेल्या कणकेची माळ घातली, पहाटे बाल्कनीत उभं केलं आणि कावळ्यांना हाका मारायला लावल्या. माझी आई त्या दिवशी आमच्याकडेच होती. सणासुदीला पोरीच्या हातून कावळ्याला घास, हे अशुभ आहे, असं ती बोलून गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. नवऱ्याला विचारलं तर “छोड़ो ना, गाँव की बातें हैं” म्हणतो आणि मोबाईल उघडतो. सासूबाई थंडीत दिवसभर बाल्कनीत उन्हाला बसून असायच्या, आता खोलीत बसून असतात. मुलगी ना धड मराठी, ना धड पहाडी अशी होईल का? हे थांबवू का? तुम्ही तिकडे राहिला आहात, म्हणून तुम्हालाच लिहिते.’

पोरी,

थांबवू नकोस. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

लग्नानंतर मी अकरा वर्षं अल्मोड्यात काढली. तिथला माझा पहिला जानेवारी अजून अंगावर आहे. दोन स्वेटर, वर शाल, आणि तरीही दात वाजत होते. सासूबाई बाहेर पटांगणात बसल्या होत्या. (दगडी पाट्या बसवलेल्या अंगणाला तिथेही पटांगणच म्हणतात, आणि घराच्या तळमजल्यावर गुरं बांधतात ते गोठ. हे दोन शब्द ऐकले तेव्हा परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.) मला हाक मारून त्या म्हणाल्या, ‘घाम ऐ गो.’ एवढ्या गारठ्यात यांना घाम कसा आला, तब्येत बिघडली की काय, म्हणून मी धावत बाहेर गेले. त्या हसत जागा करून देत होत्या. कुमाऊनीत घाम म्हणजे ऊन. ऊन आलंय, ये, बस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

उन्हाला बसणं म्हणजे घाम तापणं, आणि डोंगरात ते रिकामपण नसतं. हिवाळ्यात दुपारचे तीन-चार तास ऊन मिळतं, त्यात डाळी निवडायच्या, स्वेटर विणायचा, लेकराला तेल लावायचं, शेजारणीच्या सुनेची चौकशी करायची. त्याच वेळात नींबू सानतात. तुझ्या नवऱ्यासमोर हे दोन शब्द उच्चारून बघ, तोंडाला पाणी सुटलेलं तुला दिसेल. तिकडचं लिंबू चांगलं मुठीपेक्षा मोठं असतं. त्याच्या फोडींवरची पांढरी साल निगुतीने काढायची, मुळा चिरून टाकायचा, दही घालायचं. भांगेच्या बिया भाजून हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून पाट्यावर वाटायच्या (बियांना नशा नसते, तुझ्या आईला आधीच सांगून ठेव), थोडा गूळ किंवा साखर, आणि सगळं मोठ्या परातीत हाताने कालवायचं. वाटी-चमचा नाही. प्रत्येकीच्या तळहातावर थोडं थोडं पडतं आणि बोटांवरून रस ओघळत असताना खायचं. माझ्या सासूबाई सर्वांत आधी लहान पोरांच्या तळव्यावर घालायच्या आणि आंबटाने त्यांचे डोळे मिटलेले बघत बसायच्या.

तुझ्या सासूबाई ऊन आलं की सवयीने बाहेर येत होत्या. पटांगण नव्हतं, परात नव्हती, शेजारणी नव्हत्या, म्हणून त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि तुला ते उदास दिसलं. उदास असतीलही. पण त्यावर मी सांगते ते करून बघ. थंडी सुरू झाली की पपनस आण, नाहीतर आंबटसर संत्री. भांगेच्या बियांऐवजी कारळे किंवा तीळ भाज. खाली सतरंजी घाल आणि त्यांना म्हण, ‘इजा, मला सानायला शिकवा.’ तू त्यांना काय हाक मारतेस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. इजा म्हणजे आई. तुझी मुलगी ठेच लागल्यावर ‘ओ इजा’ म्हणते ना, ते आपलं ‘आई गं’ आहे, दुसरं काही नाही.

आता कावळ्याचं. तुझ्या आईला मी दोष देणार नाही. आपल्याकडे कावळ्याचा घास म्हटलं की पितृपंधरवडा आठवतो, दशक्रियेला पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत ताटकळलेले नातेवाईक आठवतात. नातीला पहाटे कावळ्यांना बोलावताना पाहून त्यांच्या काळजात चर्र झालं असणार. पण कुमाऊंत संक्रांतीच्या सकाळी कावळा हा पोरांचा पाहुणा असतो. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट मळायची, तिचे घुघुते वळायचे, तळायचे आणि दोऱ्यात ओवून मुलांच्या गळ्यात घालायचे. त्यातच ढाल, तलवार, डमरू, डाळिंबाचं फूल असे आकार असतात आणि मध्ये एखादं संत्रं. सकाळी पोरं ओरडतात, ‘काले कौवा काले, घुघुती माला खा ले!’ सांगतात ते असं की चंद घराण्यातल्या कल्याण चंद राजाच्या लहान मुलाला त्याची आई लाडाने घुघुती म्हणायची. तो हट्टाला पेटला की ‘तुझी माळ कावळ्याला देईन’ अशी भीती घालायची आणि खरोखरच कावळ्यांना बोलवायची. पुढे राज्याच्या लोभाने त्याला पळवून नेलं, तेव्हा ओळखीच्या झालेल्या याच कावळ्यांनी त्याची माळ राजवाड्यावर आणून टाकली आणि माग दाखवला. म्हणून दर वर्षी त्यांना जेवायला बोलावायचं.

आईला हे सांग, आणि पाठोपाठ विचार की तुझ्या मुलीच्या पहिल्या संक्रांतीला तिला काय घातलं होतं? हलव्याचे दागिने. बोरन्हाण घातलं असेल, काळं झबलं शिवलं असेल, साखरेचा हार आणि मुकुट घालून फोटो काढला असेल. त्याच दिवशी दीड-दोन हजार किलोमीटरवर दुसरी आजी कणकेची माळ ओवत होती. लेकराच्या गळ्यात खाऊचा हार घालायची ही रीत दोन्हीकडे आहे, सण एक, दिवसही एक. येत्या संक्रांतीला दोघींना एका ताटाशी बसव. तुझ्या आईने तिळगूळ वळावा, सासूबाईंनी घुघुते, आणि मुलीने दोन्ही डबे शाळेत न्यावेत. बसमधल्या मुलांना गोडाचं कोडं लवकर सुटतं.

संक्रांतीची आणखी एक गोष्ट मुलीला तिच्या बाबानेच सांगायला हवी, कारण ती त्याच्या जिल्ह्याची आहे. बागेश्वरला सरयू आणि गोमती मिळतात, तिथे उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. इंग्रज अधिकारी दौऱ्यावर आले की गावकऱ्यांना त्यांचं सामान फुकट वाहावं लागे. कुणाची पाळी कधी, हे गावोगावच्या वह्यांत लिहिलेलं असे. १९२१च्या जानेवारीत, याच जत्रेत, बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने लोकांनी त्या वह्या सरयूत फेकून दिल्या आणि कुली-बेगार बंद पाडली. नऊ वर्षांच्या मुलीला हे चांगलं कळतं. आपल्या आमाच्या नदीत जुलमाच्या वह्या बुडाल्या, हे ठाऊक असलेली मुलगी बसमध्ये कुणी हसलं तर इतकी खचत नाही.

भाषेचं लिहिताना मात्र मला जड जातं, कारण तिथे मी चुकले होते.

माझा मुलगा अल्मोड्यात बोलायला शिकला. ‘मैं तो खा चुका ठैरा’, ‘आज स्कूल बंद है बल’ असं तो सहज बोलायचा. ठैरा म्हणजे काय, हे मराठीत सांगायला मला अजून जमत नाही. ‘हे असंच आहे बरं का, यात बदल व्हायचा नाही’ असा एक शांत शिक्का त्या शब्दाने वाक्यावर बसतो. बल मात्र सोपा आहे, तो आपला ‘म्हणे’. शाळा बंद आहे म्हणे, तो येणार आहे म्हणे. ऐकीव गोष्ट स्वतःच्या नावावर खपवायची नाही, ही सोय आपल्या भाषेत आहे तशी त्यांच्याही भाषेत आहे. तेव्हा मला ते दिसलं नाही. पुढे नोकरीमुळे आम्ही पुण्याला आलो आणि त्याचं हिंदी ऐकून लोक हसतील या धास्तीने मी प्रत्येक ठैरा खोडत गेले. रागावून नाही, गोड बोलूनच. सहा महिन्यांत ते सगळं गेलं. नंतर सासूबाई राहायला आल्या, तर नातू कुमाऊनी बोलेना, आणि त्या बिचाऱ्या आठवून आठवून, अडखळत शाळेचं हिंदी बोलायच्या. आयुष्यभर गीतं आणि म्हणींनी भरलेलं ते तोंड नातवासमोर चाचपडायचं. त्या गेल्या तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता तोच मला विचारतो, आमा गायची ते गाणं कोणतं होतं? मला सूर आठवतो, शब्द आठवत नाहीत.

म्हणून तुझ्या मुलीचा एकही ठैरा खोडू नकोस. मूल गोंधळत नाही. आजीशी एक, आईशी एक, बाईंशी एक, असं माणसागणिक भाषा बदलणं मुलांना आपल्यापेक्षा सहज येतं. ती बसमध्ये ठैरा म्हणते कारण दिवसातला सर्वांत मायेचा वेळ ती त्या भाषेत घालवते. हसणाऱ्या मुलांचं मात्र सोडू नकोस. एकदा वर्गशिक्षिकेला भेट, तक्रारीच्या सुरात नको, पण वर्गात किती मुलांच्या घरी किती भाषा बोलतात हे एक तास विचारा, अशी विनंती कर. आणि मुलीला आमाकडून उखाणे, म्हणजे कोडी, शिकू दे. कुमाऊनीत त्यांना ‘आण’ म्हणतात. स्वतःकडे काहीतरी जास्तीचं आहे, हे तिला स्वतःला कळलं पाहिजे.

आता तुझा नवरा. ‘गाँव की बातें हैं’ या वाक्यावर रागावू नकोस, त्याच्या आत बरंच काही दडपलेलं असतं. डोंगरातली मुलं शिकायला, नोकरीला खाली उतरतात तेव्हा सर्वांत आधी स्वतःचा हेल पुसतात. एक काळ असा होता की दिल्लीत पहाडी मुलगा म्हणजे घरकाम्या किंवा हॉटेलातला पोऱ्या, असंच धरून चालायचे. गावं मनीऑर्डरवर जगायची आणि मनीऑर्डर पाठवणारा तिकडे अपमान गिळायचा. माझा नवराही पुण्यात आईशी फोनवर बोलताना उठून गॅलरीत जायचा, दार लावून घ्यायचा. आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. आणि हाच माणूस सुट्टीत काठगोदामला गाडीतून उतरला की बदलायचा. तिथे रेल्वे संपते आणि चढ सुरू होतो. भवालीच्या आसपास जीप थांबली की तो खाली उतरायचा, चहावाल्याला ‘ओ दाज्यू’ (म्हणजे दादा) म्हणून हाक मारायचा, आणि तो आवाज मी पुण्यात कधीही ऐकलेला नसायचा. पाच मिनिटांत दोघांच्या गावांची, आडनावांची चौकशी होऊन कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी काकाला दिलेली निघायची. पहाडी माणसं दोन भेटली की आधी ‘कौन गाँव?’ विचारतात आणि नातं लागेपर्यंत सोडत नाहीत.

तुझा नवरा गप्प आहे तो त्याला नको आहे म्हणून, असं मला वाटत नाही. त्याची मुलगी आज उघडपणे जे बोलते, ते त्याने तिच्यापेक्षा थोड्याच मोठ्या वयात गिळायला शिकलं. त्याला ‘तुला काय वाटतं’ असं विचारू नकोस, उत्तर येणार नाही. त्याला काम दे. आमा जे सांगते त्याचा मराठी अर्थ मुलीला सांगायचं काम त्याचं. एखाद्या रात्री जेवताना विचार, ‘नराई म्हणजे काय रे?’ नराई म्हणजे आठवणीने जीव कासावीस होणं, घरची ओढ लागणं. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, असं आपण म्हणतो, तेही तिकडे आहे, त्या उचकीला बाटुली म्हणतात. हे त्याच्याच तोंडून येऊ दे.

एक गोष्ट मी स्पष्ट सांगते, कारण डोंगराचं सगळंच मला गोड वाटतं असं नाही. तिथल्या बायकांचे कष्ट मी पाहिले आहेत. गवताचा भारा डोक्यावर घेऊन तासभराचा चढ चढणारी बाई विचारलं तर ‘बस, यहीं ठैरा’ म्हणते, आणि तिचं ‘यहीं’ अजून दोन डोंगर पलीकडे असतं. पाळीच्या दिवसांत बाईला वेगळं बसवायचं, कुठे कुठे तर खाली गोठात झोपवायचं, हे मी सोसलं आहे. शिवाशिवही पाहिली आहे. तुझी मुलगी दोन-तीन वर्षांत मोठी होईल. त्या वेळी सासूबाई असं काही सुचवतील तर तिथे तू ठाम उभी राहा. आपल्याकडच्या आज्यांनीही ‘बाहेर बसणं’ सोसलंच होतं आणि आपण ते बंद केलं. घुघुत्यांची माळ ठेवायची आणि हे टाकायचं, एवढी निवड करायचा हक्क आईला असतो.

दोघी विहिणींसाठी भाद्रपद चांगला आहे. तुमच्याकडे गौरी बसतात की नाही ते तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या आईला गौरी माहेरी येते हे सांगायला नको. पूर्व कुमाऊंत त्याच महिन्यात सातूं-आठूं असतं. गौरा रुसून माहेरी येते, दुसऱ्या दिवशी महेश्वर तिला न्यायला येतो, पाच धान्यं भिजवून बिरुडे करतात. सासूबाईंच्या गावी आठूं नसलं तरी नंदादेवी असेलच, आणि नंदा ही साऱ्या डोंगराची माहेरवाशीण. तिला सासरी पोचवताना बायका लेक चालल्यासारख्या रडतात. या दोन म्हाताऱ्यांना कावळ्यावर बोलायला लावू नकोस, माहेरवाशिणीवर बोलायला लाव. त्या दिवशी हुलग्याचं काहीतरी कर. ते गहत म्हणतात, आपण कुळीथ किंवा हुलगे म्हणतो. तुझ्या आईचं पिठलं आणि सासूबाईंचे डुबके (वाटलेल्या डाळीचं दाट कालवण) शेजारी शेजारी ठेव.

पण भाद्रपदाच्या आधी हरेला आहे, साधारण १६ जुलैला, कर्क संक्रांतीला. त्यांचा श्रावण सूर्यावर चालतो, म्हणून आपला आषाढ सरायच्या आधीही सुरू होतो. नऊ दिवस अगोदर टोपलीत माती घालून पाच किंवा सात धान्यं पेरतात आणि अंधारात, देवापाशी ठेवतात. उजेड न मिळाल्यामुळे अंकुर हिरवे न होता पिवळेधमक होतात. दहाव्या दिवशी कापून घरातली वडील बाई ते प्रत्येकाच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला लावत शेवटी डोक्यावर ठेवते आणि म्हणते, ‘जी रया, जागि रया.’ जगत राहा, जागत राहा. त्या आशीर्वादात पुढे एक ओळ येते: ‘सिल पिसि भात खाया, जाँठि टेकि झाड़ जाया.’ इतकं जग की दात पडल्यावर भातही पाट्यावर वाटून खावा लागेल, काठी टेकत परसाकडे जावं लागेल. म्हातारपणाचं इतकं उघडं, इतकं प्रेमाचं मागणं मी दुसऱ्या कुठल्या आशीर्वादात ऐकलेलं नाही. आम्ही पुण्याला आलो त्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी पाकिटातून हरेला पाठवला होता. पाच-सहा वाळलेली पिवळी पाती, कागदाच्या पुडीत पिठ्या (टिळ्याचा रंग) आणि अक्षता. नवऱ्याने पाकीट उघडलं, पाती डोक्यावर ठेवली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात टोपली आण. जव, गहू, मका, उडीद, हुलगे, तीळ, मोहरी, वाण्याकडे सगळं मिळेल. पेरणी मुलीच्या हातून होऊ दे. कापायच्या दिवशी नवऱ्याला ऑफिसला उशिरा जायला सांग. सासूबाई आशीर्वाद म्हणतील तेव्हा मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेव, पूर्ण, पहिल्या शब्दापासून. त्यानंतरच किल्लीचा विषय काढ. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरलेला असतो, चौघांची तिकिटं काढता येतील. सासूबाईंच्या गुडघ्यांचं डॉक्टरांना विचार, आणि सडकेपासून घर नेमकं किती चढावर आहे हे नवऱ्याला घड्याळाच्या हिशेबाने सांगायला लाव. तो ‘बस, यहीं’ म्हणाला तर मानू नकोस.

जव नीट उगवले का, ते मला कळव. पाणी थोडंच शिंपडायचं, नाहीतर बुरशी येते.

तुझी
मावशी